वरव्याचे बबनराव

वरवे बुद्रुकचे बबनराव हे माझे जिवलग मित्र आहेत. त्यांच्याबरोबर मी मुंबईचा समुद्र पाहिला, लाँचमध्ये बसलो, फोटो काढला. त्यांच्यात खोट अशी एकच आहे. असा माणूस मुळात नाही.

हे कसं झालं ते सांगतो, पण आधी माझी ओळख. मी उत्रोलीचा. भोर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. त्या एकतीस वर्षांत मी एक मिनिटही एकटा नव्हतो. (एसटीत एकांत हवा असेल तर टपावर जावं लागायचं, आणि तिथंही कुणाच्या तरी कोंबड्या असायच्या.) मग रिटायर झालो. तीन वर्षांपूर्वी मंदा, माझी बायको, गेली. रोज पन्नास माणसांना "पुढं सरका" म्हणणारा मी, आता घरात कुणाला काही म्हणायचं तर मांजरच उरलं. सकाळी एक कप चहा, दुपारी मूठभर भात. एवढ्या भाताला कुकर शिट्टीसुद्धा मनापासून देत नाही!

माझा मुलगा सिद्धार्थ मुंबईला, बंदरावरच्या एका कंपनीत आहे. वर्षभर त्याचं एकच पालुपद: "दादा, घराला कुलूप लावा आणि इकडं या. तिथं तुम्ही एकटे."

"एकटा कुठला? आख्खं गाव हाय की!" मी म्हणायचो.

गाव होतं, नाही असं नाही. पण ते सकाळी कामाला जायचं आणि संध्याकाळी मोबाईल बघत बसायचं. मागच्या पावसाळ्यात मी ओट्यावरून घसरलो, तर ती बातमी दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत फक्त मला आणि मांजराला होती. दूधवाल्यानं ती मुंबईला फोनवर पोचवली. (दुधात घालतो तेवढंच पाणी त्यानं तिच्यातही घातलं!) मग सिद्धार्थनं निकाल दिला, "आठ दिवस इथं येऊन राहा. तुमचं कसं काय चाललंय ते बघतो, मग कुलपाचं ठरवू." म्हणजे परीक्षाच की! पास झालो तर उत्रोली. नापास झालो तर सिद्धार्थचा सतरावा मजला.

मुंबईला येऊन राहिलो, त्याच्या सहाव्या दिवशी सिद्धार्थनं खास रजा काढली. दादांना निवांत मुंबई दाखवायची, गेटवे, बोटी, चौपाटी, असा बेत. मी सकाळी सहालाच अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलो. माझी सून प्रज्ञा थालीपीठ वाढत होती. ती वरवे बुद्रुकची.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही दर गुरुवारी आमच्या अप्पांकडं जाता ना, म्हणून मला घोर नसतो. आई धाकटीच्या बाळाला सांभाळायला चाकणला गेली, तेव्हापासून ते एकटेच आहेत. सांगत होते, पाव्हण्यांना माझ्या हातचं पिठलं लई आवडतं!"

मी घास घेऊन थांबलो. वरव्याला मी शेवटचा गेलो होतो तो ह्या दोघांच्या साखरपुड्याला. माझे व्याही पिठलं करतात हेही मला माहीत नव्हतं. पण गरम थालीपीठ वाढणाऱ्या सुनेला खोटं पाडू नये. शिवाय "मी कुणाकडं जात नाही" असं तोंडानं कबूल करणं म्हणजे स्वतःच्या हातानं कुलूप आणून देणं. मी म्हणालो, "हं. पिठलं झकास करतात."

तेवढ्यात सिद्धार्थचा फोन वाजला. बंदरात कुठलंसं जहाज वेळेच्या आधी आलं होतं. (आयुष्यात मी वेळेच्या आधी आलेली एकही गाडी पाहिली नाही, आणि नेमकं त्या दिवशी जहाज आलं!) पोरगं बिचारं बूट घालता घालता म्हणालं, "सॉरी दादा. आज घरीच थांबा. एकटे कुठं जाऊ नका." त्याच्यामागं प्रज्ञाही ऑफिसला गेली.

मी तासभर थांबलो. सतराव्या मजल्यावरून खाली माणसं दिसतात, पण त्यांना हाक ऐकू जात नाही. इस्त्रीचा सदरा अंगावर वाया चालला होता. शेवटी चावी घेतली, लाल बस पकडली आणि गेटवेला गेलो.

समुद्र पाहिला. मंदाला बोटी बघायच्या होत्या. मी दर वर्षी म्हणायचो, "पुढच्या रजेत." कंडक्टरला रजा मिळते, पण पुढची. तिथं इतकी माणसं होती, पोरं, कबुतरं, फुगेवाले, आणि "ए, ती बघ केवढी बोट!" असं कोपरानं ढोसून सांगायला मला एक कोपर नव्हतं. फार एकटं वाटलं, खरंच सांगतो. आणि नेमका तेव्हाच सिद्धार्थचा फोन आला.

"दादा, काय करताय?"

"बसलोय निवांत."

मागं एका लाँचनं भोंगा दिला. चांगला लांबलचक.

"दादा! हा कसला आवाज? कुठं आहात तुम्ही?"

"गेटवेला."

"एकटे?"

आता आमच्याकडं "सोबत कोण हाय?" ह्या प्रश्नाला "कुणी न्हाई" असं उत्तर कुणी देत नाही. माणूस दवाखान्यात जावो, बाजारात जावो, सोबत कोणीतरी असतंच. नसलं तर ते सांगायचं नसतं.

"एकटा कुठला!" मी म्हणालो. "गाववाला भेटला की!"

"कोण?"

"बबनराव."

"कुठले बबनराव?"

इथं माझा घात एसटीनं केला. भोरहून पुण्याकडं जाताना कापूरव्होळ, चेलाडी, वरवे, खेड शिवापूर हे थांबे मी हजारो वेळा ओरडलो आहे. एखादं लांबचं गाव सांगावं, चंदगड सांगावं, वेंगुर्ला सांगावं! पण घाईत जीभ सवयीच्या थांब्यावर थांबली.

"वरव्याचे," मी म्हणालो.

बोलता बोलता मी रांगेतून लाँचच्या तिकिटाच्या खिडकीपाशी आलो होतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "किती?" सिद्धार्थ फोनवर ऐकत होता. काय करता? ज्यानं उभ्या नोकरीत एक माणूस विनातिकीट सोडला नाही, त्या मी मोठ्यानं सांगितलं, "दोन द्या!" तिकीट नसलेले प्रवासी मी पुष्कळ पाहिले होते. प्रवासी नसलेलं तिकीट पहिल्यांदाच काढलं.

अर्ध्या तासाची समुद्रफेरी होती. लाँचमध्ये मी कडेची जागा पकडली आणि शेजारी सवयीनं रुमाल टाकला. एक बाई आल्या.

"इथं कुणी आहे का हो?"

"हायत," मी म्हणालो. माझ्याकडं तिकीट होतं!

"कुठं गेलेत?"

"येतील."

लाँच सुटली तरी कुणी आलं नाही. बाई उभ्याच. माझ्याकडं अशा बघत होत्या की मी रुमाल उचलला, त्यांना जागा दिली आणि वर "ते पुढं उभे आहेत" असंही सांगितलं. खोटं बोलायला लागलं की माणूस सुट्टे पैसे दिल्यासारखं बोलत जातो.

नंतरची चूक मात्र माझी नाही, सवयीची आहे. दाराशी माणसांची ही गर्दी, आणि पुढं डाव्या बाजूला मोकळी जागा! माझ्यातला कंडक्टर उठला. "चला, चला, पुढं सरका! दारात थांबू नका! पुढं मोकळं हाय!" आवाज अजून तसाच आहे. माणसं निमूटपणे सरकली. सगळीच्या सगळी, डाव्या बाजूला. एसटीत माणसं सरकली तर एसटी वाकत नाही. लाँच वाकते! पोरं किंचाळली, कुणाची तरी भेळ समुद्रात गेली, आणि लाँचवाला ओरडला, "कोण आहे रे तो शहाणा?" मी समुद्राकडं तोंड केलं. शेजारच्या बाईंनी सगळ्या लाँचला ऐकू जाईल असं सांगितलं, "हेच ते! ह्यांचे दुसरे कोणीतरी पुढं आहेत!" लाँचवाला उरलेला सारा वेळ पुढं उभ्या असलेल्या एका टक्कलवाल्या माणसाकडं रागानं बघत होता. त्या माणसाची मी आजही मनातल्या मनात माफी मागतो.

धक्क्यावर उतरलो तर प्रज्ञाचा मेसेज: "दादा, आमच्या वरव्याचे कोण भेटले? फोटो पाठवा ना दोघांचा!"

झालं! गेटवेवर गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले असतात. त्यातल्या एकाला म्हणालो, "बाबा, माझ्याशेजारी उभा राहा, फोटो काढायचाय."

"मी काढतो, काका. माझा काढत नाहीत."

"आज काढू दे की."

"मग काढणार कोण?" तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता.

शेवटी कठड्यापाशी एकजण दिसले. माझ्याच वयाचे, पांढरी टोपी, पांढरा सदरा, काखेत पिशवी. वरव्याचे म्हणून खपण्यासारखे.

"नमस्कार पाव्हणं. एक फोटो काढू का आपला दोघांचा?"

"कशापायी?"

"पोराला पाठवायचाय."

"तुमच्या पोराला माझा फोटू कशापायी?"

"त्याला वाटतंय, मी हितं एकटा हाय."

त्यांनी माझ्या मागं बघितलं, बाजूला बघितलं. "मंग हायच की!"

पण माणूस चांगला. पिशवी खाली ठेवली, "हसू का?" विचारलं, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून असे हसले की आम्ही एका ताटात वाढलो असं वाटावं. बऱ्याच दिवसांत कुणी माझ्या खांद्यावर हात टाकला नव्हता. फोटो निघाल्यावरही मी जरा वेळ तसाच उभा राहिलो. शेवटी त्यांनीच हात काढून घेतला.

फोटोवाल्याकडून फोटो माझ्या मोबाईलवर घेतला आणि पाठवला. दोन मिनिटांत प्रज्ञाचा फोन.

"दादा, मस्त आलाय! पण हे मामा मी वरव्यात कधी पाहिले नाहीत हो. थांबा, अप्पांना पाठवलाय. ते बरोबर सांगतील."

अप्पा वरव्यातली माणसंच काय, कुत्रीसुद्धा नावानं ओळखतात. आता ते म्हणणार, "ह्यो आपल्यातला न्हवं." मग सिद्धार्थ म्हणणार, "म्हणजे दादा खोटं बोलले. गावचं आख्खं गोकुळ पण खोटंच!" मग कुलूप. मंदानं लावलेली जास्वंद, ओटा, ते मांजर, सगळ्याला कुलूप. आणि मी सतराव्या मजल्यावर, इस्त्रीचा सदरा घालून, खुर्चीत. कठड्यावर बसून राहिलो.

दहा मिनिटांनी सिद्धार्थचा फोन आला. मी डोळे मिटून उचलला.

"दादा! अप्पांनी ओळखलं!"

"आं?"

"म्हणाले, 'हा आपला माळावरचा बबन!' बरीच वर्षं बाहेरगावी होते म्हणे. गुडघ्याचा त्रास आहे, जास्त चालवू नका. आणि त्यांना वांगं चालत नाही. संध्याकाळी जेवायलाच घेऊन या त्यांना!"

म्हणजे मी थापेत सांगितलेला बबनराव खरोखर आहे? आणि मुंबईतल्या एवढ्या माणसांत मी नेमका त्यालाच उभा केला? पळत सुटलो. टोपीवाले भेळेच्या गाडीपाशी सापडले.

"बबनराव! ओ बबनराव!"

वळले नाहीत. मी समोर जाऊन उभा राहिलो. "तुमी वरव्याचं का?"

"म्या सांगोल्याचा. लेकाकडं आलोय."

"गुडघा दुखतो का?"

"न्हाई."

"वांगं खाता?"

त्यांनी भेळ बाजूला ठेवली. "हे बगा, फोटू झाला. आता गुडघा इचारताय, वांगं इचारताय. तुमाला नक्की पायजे काय?"

मला काय पाहिजे होतं ते मला नीट सांगता आलं नसतं. मी हात जोडले आणि परत कठड्याशी आलो. डोकं चालेना. तेवढ्यात पुन्हा फोन. ह्या वेळी वरव्याहून, खुद्द अप्पांचा.

"जय भीम, पाव्हणं."

"जय भीम, अप्पा."

मग अप्पांनी गंभीरपणे विचारलं, "बबन काय म्हनतोय?"

"अप्पा, तुमी त्याला वळखलं कसं?"

"वळखतोय कुठला! आसा मानूस वरव्यात न्हाई, ह्ये म्या टोपी बगूनच सांगितलं आसतं."

"मंग व्हय कशापायी म्हनला?"

"न्हाई म्हनलो आसतो तर तुमच्या घराला कुलूप लागलं आसतं. पोरगी बोलली मला. आज तुमच्या, उद्या माज्या." अप्पा थांबले. खाकरले. "आन् दुसरं आसं पाव्हणं... रागावू नगा. म्या दोन वरसं पोरीला सांगतोय, दर गुरवारी उत्रोलीचं पाव्हणं येत्यात म्हनून."

"पिठलं खायाला," मी म्हणालो.

"कळलं व्हय तुमाला!" अप्पा ओशाळले. "काय करू? रोज संध्याकाळी फोन करती आन् इचारती, 'अप्पा, सोबत कोण आहे?' काय सांगू? भित्ताड हाय म्हनू? पयल्यांदा तोंडात आलं ते तुमचंच नाव. मंग पडली सवय."

मी इतका हसलो की कबुतरं उडाली. मग मनात हिशेब केला. उत्रोली ते वरवे, मध्ये एकदा गाडी बदलायची. एकतीस वर्षं मी त्या रस्त्यावर लोकांना एकमेकांकडं पोचवलं. आणि दोन वर्षं हा माणूस गुरुवारी माझं नाव सांगत बसला होता, नि मी मांजराशी बोलत!

"अप्पा, त्ये सगळं खरं. पर जेवायचं काय? बबनला जेवायला बोलावलंय!"

"मंग त्याचा गुडगा उगंच काढला व्हय म्या? दुकतोय म्हनावं. पाचच्या गाडीनं लावून द्या!"

संध्याकाळी घरी गेलो तर चार ताटं मांडलेली. बबनराव गेल्याचं कळल्यावर प्रज्ञा हळहळली. तिनं माझ्यासाठी म्हणून भरल्या वांग्याचा बेत केला होता, तो बबनरावांच्या पथ्यासाठी रद्द करून बटाटा केला होता! त्यांचं ताट उचललं गेलं, पण बटाटा राहिला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार?

जेवताना सिद्धार्थ म्हणाला, "दादा, खरं सांगू? मला वाटायचं, गावात सोबत आहे म्हणून तुम्ही उगाच सांगता. पण मुंबईत सापडतात तर तिकडं असतीलच की माणसं. बबनमामांसारखी माणसं असताना मी कशाला कुलूप लावायला सांगू? राहा तुम्ही उत्रोलीला."

मी पास झालो. आणि फार वाईट वाटलं. "नाही दादा, इथंच राहा" असं त्यानं एकदा तरी म्हणावं, मग मी नाही म्हणावं, असं माझ्या मनात होतं. पण पास झालेल्यानं रडू नये. मी बटाटा अजून वाढून घेतला.

त्यानंतर मी दर गुरुवारी वरव्याला जातो. खरोखर. उत्रोलीहून भोर, भोरहून पुण्याच्या गाडीनं वरवे. अप्पा पिठलं करतात. पिठल्यात गुठळ्या असतात, मीठ नसतं, पण ते मला लई आवडतं असं दोन वर्षांपासून जाहीर झालेलं असल्यामुळं काही बोलता येत नाही. मग आम्ही ओट्यावर बसतो. पाऊसपाणी, भाताचा भाव, गुडघा. (अप्पांचा. बबनरावांना तो त्यांच्याकडूनच मिळाला.) लाँचचं जादा तिकीट मी अप्पांना देऊन टाकलं. त्यांनी ते चष्म्याच्या घरात ठेवलंय. "पुढच्या महिन्यात जाऊ," म्हणतात. मी सांगितलं, पुढच्या नाही, ह्याच महिन्यात.

गेल्या गुरुवारी ओट्यावर असतानाच प्रज्ञाचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"दादा, बबनमामा आलेत का? जरा द्या ना त्यांना."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी नाक दाबलं, आवाज बदलला आणि म्हणाले, "बबन बोलतोय."

"मामा, एक सांगायचं होतं. आमच्या दादांना आणि अप्पांना एकटं सोडू नका हं. दोघंही कबूल करत नाहीत, पण त्यांना सोबत लागते. तुमच्या भरवशावर आहोत आम्ही."

अप्पांनी नाक तसंच दाबून धरलं होतं, पण डोळ्यांचं काय करावं ते त्यांना कळेना. "न्हाई सोडत, पोरी," ते म्हणाले.

लेकीला बापाचा आवाज ओळखू येत नाही, असं आम्ही दोघंही अजून धरून चाललो आहोत. एकूण काय, गुरुवारी वरव्याच्या त्या ओट्यावर तीन म्हातारे असतात, आणि सुनेच्या मते त्या तिघांत भरवशाचा असा एकटा बबनराव!